गाडी तापते ती केव्हा? : तापलेल्या इंजिनाचे घरच्या घरी निदान



स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत मोटारीच्या इंजिनावर लेख पाहून काही वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु धार आणि देवास या दोन्ही गावांना मोटार ही परकी वस्तू राहिलेली नाही. देवास आग्रा-मुंबई मार्गावर वसले आहे, तर धार इंदूर-अहमदाबाद मार्गावर. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून वाहनांचे कारखाने उभे राहिले. हिंदुस्तान मोटर्सच्या तेथील कारखान्यात इसुझूच्या बनावटीची इंजिने तयार होत आणि ती नव्वदच्या दशकातील अँबेसेडरमध्ये बसविली जात. त्याच पीथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा वाहनचाचणीचा वेगमार्ग खुला झाला. देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. इंजिने आणि पंप बनविणारे हात आपल्या शेजारी असताना, आपल्या दारातील गाडी तापली की मात्र आपण गोंधळून जातो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वैशाखात निमाडातून माळव्यावर येताना, गुजरीचा चढ संपवून मानपूरकडे निघालेल्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा गाडीभोवती चार माणसे जमतात आणि चार सल्ले मिळतात. एक म्हणतो रेडिएटर धुऊन घ्या, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, तिसऱ्याला पंपाचा संशय असतो आणि चौथा पाण्याची बादली घेऊन येतो. यांपैकी एखादा सल्ला खराही असू शकतो. परंतु कोणता खरा, हे ठरविण्यासाठी जो प्रश्न आधी विचारावयास हवा तो बहुधा कोणीच विचारीत नाही. तो प्रश्न असा : गाडी तापते ती केव्हा?

ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हे वैद्यकातील जुने सूत्र इंजिनालाही लागू पडते. अंग गरम लागले एवढ्यावरून जाणता वैद्य औषध देत नाही. ताप सकाळी असतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो की न वाजता, किती दिवस राहतो, हे तो विचारतो. इंजिनाच्या बाबतीत हीच विचारपूस घरातील कोणाही लक्षपूर्वक पाहणाऱ्या व्यक्तीला करता येते. तिला फारशी हत्यारे लागत नाहीत. लागतो तो थोडा संयम.

उष्णता येते कोठून, जाते कोठे

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या वा डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग गाडी चालविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तरीही ॲल्युमिनियमचे हेड आणि पिस्टन वर्षानुवर्षे टिकतात, कारण धातूत शिरलेली उष्णता पाणी सतत वाहून नेत असते.

या पाण्याचा प्रवास समजून घेतला की पुढील सारे सोपे होते. पंप पाण्याला सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांत ढकलतो. देवासला शेतीसाठी जे सेंट्रिफ्यूगल पंप बनतात त्याच तत्त्वावर हा लहानसा पंपही चालतो. तेथून पाणी वरच्या हेडमध्ये जाते आणि थर्मोस्टॅटपाशी येते. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेली एक झडप होय. इंजिन थंड असताना ती मिटलेली असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर पोचले की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. मग पाणी रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जाते, तेथील बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याला उष्णता देते आणि निवून पुन्हा पंपाकडे येते.

यावरून चार प्रश्न निघतात. पाणी पुरेसे आहे काय? ते फिरते आहे काय? त्याला वारा मिळतो आहे काय? आणि इंजिन नेहमीपेक्षा अधिक उष्णता तर निर्माण करीत नाही ना? तापलेल्या इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक दोष या चारांपैकी एका घरात बसतो. निदान म्हणजे हे घर शोधणे.

झाकणाचे महत्त्व

पाणी १०० अंशांना उकळते हे आपण शाळेत शिकतो; पण ते समुद्रसपाटीचे मोजमाप आहे. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने धार-देवासकडे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिनाचे पाणी ९० अंशांच्या पुढे नेहमीच असते, तेव्हा उकळीला फारसा वाव उरत नाही. म्हणून रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडावर स्प्रिंगचे झाकण असते. स्वयंपाकघरातील कुकरप्रमाणे ते आत दाब धरून ठेवते. वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बार अधिक दाब धरणारे झाकण असेल, तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की हा वीस अंशांचा आधार नाहीसा होतो. अशा वेळी इंजिन निर्दोष असूनही पाणी उकळते. सबंध व्यवस्थेतील हा जवळजवळ सर्वांत स्वस्त भाग आहे आणि संशयितांच्या यादीत बहुधा त्याचे नाव शेवटी येते.

याच दाबामुळे एक कडक नियम पाळावा लागतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत ११० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेले असते. झाकण फिरविताच दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर व हातांवर उसळते. फडके धरून उघडल्याने हा धोका टळत नाही. वरची नळी हाताला कोमट लागेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे. त्यास अर्धा तास लागो वा दीड तास.

पहिली तपासणी सकाळी

माळव्याच्या रात्री थंड असतात, ही निदान करणाऱ्यास मिळालेली मोठी सोय आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, दहा मिनिटे पाहणी केली तर निम्मे काम होते.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावरील डाग कोठे आहे ते पाहावे. हिरवा, गुलाबी वा निळा डाग कूलंटचा, काळसर चिकट डाग तेलाचा. एसीचे स्वच्छ पाणी गाडी चालवून आणल्यावर गळते. त्याला रंगही नसतो व चिकटपणाही नसतो. पंपाच्या खालच्या बाजूस एक लहान छिद्र असते. तेथे ओघळ वा पांढरट थर दिसला तर पंपाचे सील गेले असे समजावे. नळ्यांची टोके, क्लिपा आणि रेडिएटरच्या कडा येथेही वाळलेल्या पाण्याचे पांढरे वा रंगीत डाग शोधावेत. कित्येकदा गळती थंडपणी थांबलेली असते आणि मागे तिचा डाग तेवढा उरतो.

मग झाकण उघडून पाणी पाहावे. पातळी किती खाली आहे, रंग तांबूस गढूळ आहे काय, वर तेलाचा तवंग आहे काय? त्यानंतर तेलाची पट्टी काढावी. तेल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर पाणी तेलात मिसळत आहे. अशी गाडी सुरूच करू नये. तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडासा पिवळट फेस मात्र थंडीत, थोडे थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत, दमटपणामुळेही येतो. तेवढ्यावरून घाबरू नये.

नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाची नळी चपटी होऊन आत ओढली गेली असेल, तर झाकणातील दुसरी लहान झडप, जी निवताना बाटलीतले पाणी परत आत घेते, ती अडकली आहे. उलट, थंड इंजिनाची नळी सकाळीही टणक फुगलेली असेल, तर त्याचा अर्थ गंभीर आहे. तिच्याविषयी पुढे सांगतो.

पट्टा असलेल्या गाडीत तो तडकला आहे काय ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण एक-दीड सेंटीमीटर दबावा. अधिक दबत असेल तर तो घसरतो. अँबेसेडर, पद्मिनी किंवा जुनी जीप यांसारख्या गाड्यांत पंखा आणि पंप दोन्ही याच एका पट्ट्यावर चालत असल्याने दोन्ही एकाच वेळी मंदावतात.

काट्यावर विश्वास किती ठेवावा

तापमानाचा काटा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. काटा एकाएकी, एका झटक्यात वर जाऊन बसला, पण वाफ नाही, वास नाही, इंजिनाची ताकद कमी झालेली नाही, तर तारेचा वा सेन्सरचा दोष संभवतो. खरा ताप चढावयास काही वेळ लागतो. याच्या उलट स्थिती अधिक धोक्याची आहे. पाणी पार निघून गेले की सेन्सरला स्पर्श करणारे पाणीच उरत नाही. अशा वेळी काटा खाली येतो आणि चालकाला वाटते की इंजिन निवले. म्हणून काटा वर जाऊन मग अकारण खाली आला आणि हीटरमधून गरम वाऱ्याऐवजी थंड वारा येऊ लागला, तर गाडी ताबडतोब थांबवावी. आजच्या कित्येक गाड्यांत काटाच नसतो, केवळ तांबडा दिवा असतो. दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो; तेव्हा अशा गाडीत सकाळच्या पाहणीचे महत्त्व अधिक.

आता मुख्य प्रश्न : केव्हा?

*उभ्याने तापते, धावताना निवते.* इंदूरच्या चौकांत किंवा देवासच्या फाटकापाशी उभी असताना काटा चढतो, मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो. येथे पाणी आहे, फिरतही आहे. उणीव वाऱ्याची आहे. धावताना समोरून मिळणारा वारा उभ्याने पंख्याकडून मिळावा लागतो. म्हणजे संशय पंख्यावर. विजेचा पंखा असलेल्या गाडीत मोकळ्या जागी, बंद गॅरेजात नव्हे, इंजिन चालू ठेवून वाट पाहावी. बंद जागेत साठणारा धूर प्राणघातक असतो. काटा मध्याच्या थोडा वर येताच पंखा सुरू व्हावा. न झाल्यास एसी लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरू लागतो. एसीने फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर वा त्याची तार दोषी. कशानेच फिरत नाही, तर फ्यूज, मग रिले, मग मोटर या क्रमाने पाहावे. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू शकतो, म्हणून हात, पदर, ओढणी वा उपरणे त्याच्यापासून दूर ठेवावे.

*धावताना तापते, विशेषतः वेगात.* सपाट महामार्गावर वेग वाढला की काटा हळूहळू चढतो आणि वेग कमी केला की उतरतो. येथे वारा भरपूर आहे, मग उणीव प्रवाहाची. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, पंपाची पाती झिजली असतील किंवा खालची नळी मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटी होत असेल. मात्र आधी रेडिएटरची बाहेरची बाजू पाहावी. गव्हाच्या व सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्या भागातील रस्त्यांवर भुसा उडत असतो. तो, कीटक आणि धूळ मिळून एसीचे कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधील फटीत गादीसारखा थर बसतो. समोरून पाहता तो दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाण्याच्या हलक्या धारेने तो काढावा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे दुमडतात.

*घाटात तापते.* घाटात दोन्ही गोष्टी एकत्र येतात : इंजिनावर भार अधिक आणि वेग कमी म्हणून वारा कमी. केवळ घाटात तापते यावरून दोष ठरत नाही. दुसरा प्रश्न विचारावा लागतो. माथ्यावर पोचून सपाटीला वाहत्या रस्त्याने चालू लागल्यावर काटा झरझर उतरला तर संशय पुन्हा पंख्याकडे जातो. सपाटीलाही तो वरच रेंगाळला तर प्रवाहाकडे. गाडीत माणसे व सामान प्रमाणापेक्षा अधिक असेल, ब्रेक चिकटत असतील किंवा क्लच घसरत असेल, तर इंजिनाला नेहमीपेक्षा अधिक राबावे लागते, हेही लक्षात घ्यावे. काही अंतर चालवून थांबल्यावर एखादेच चाक इतरांपेक्षा फार गरम जाणवले, तर ब्रेक चिकटतो आहे. हात चाकाला लावू नये, जवळ नेऊन ऊब पाहावी.

*सुरू करताच पाच-दहा मिनिटांत तापते.* हा थर्मोस्टॅट मिटलेल्या अवस्थेत अडकल्याचा किंवा पाण्यात हवेचा बुडबुडा अडकल्याचा प्रकार असतो. नुकतेच पाणी बदलले असेल तर आधी हवेचा संशय घ्यावा. थर्मोस्टॅटची खूण अशी की इंजिन पुरेसे तापूनही रेडिएटरकडे जाणारी नळी थंडच राहते. हात फिरत्या भागांपासून दूर ठेवून, नळीच्या जवळ नेऊन ऊब पाहावी. हल्ली दुरून तापमान मोजणारे लहान उपकरण मिळते. ते असल्यास काम अधिक सुरक्षित होते. काढलेला थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. स्वयंपाकात पुन्हा न वापरावयाच्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये. पाणी तापवीत थर्मामीटर पाहावा. अंगावर कोरलेल्या अंकापाशी झडप हलू लागली पाहिजे आणि उकळीपर्यंत ती पुरेशी उघडली पाहिजे.

*कोठेही गळत नाही, तरी पाणी कमी होते.* हा सर्वांत गंभीर प्रकार. हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट फुटले असता ज्वलनाचे वायू पाण्यात शिरतात आणि पाणी सिलिंडरात. वर सांगितलेली, सकाळीही टणक असणारी नळी हीच गोष्ट सांगते. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर निघणे, दुधाळ तेल, सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळणे, या त्याच्या इतर खुणा आहेत. थंडीच्या सकाळी काही मिनिटे दिसणारी वाफ स्वाभाविक असते. एका खुणेवरून निर्णय करू नये. दोन-तीन जुळल्या तर गाडी चालविणे थांबवावे. कार्यशाळेत एका निळ्या द्रावणातून पाण्यावरील हवा ओढून तपासतात. ज्वलनाचा वायू असल्यास द्रावण पिवळे होते. हेड उघडण्यापूर्वी ही चाचणी करून घेण्याचा आग्रह धरावा.

पाण्याचा दोष, पाण्यानेच

आपल्या भागात एका कारणाचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे. माळव्याची जमीन काळ्या कातळाची आहे आणि त्या कातळातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. देवासने पाण्याचे दुर्भिक्ष किती सोसले हे जुन्या मंडळींस ठाऊकच आहे. १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ तेथे आली होती. असे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात कूपनलिकेचे जे मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाणे स्वाभाविक होते. परंतु हे पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आत बसतो. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हा थर उष्णता वाहून नेण्यात सुमारे शंभर पटींनी कमी असतो.

येथे एक लहानसे गणित उपयोगी पडेल. लिटरला ०.३ ग्रॅम क्षार असलेले पाणी आहे असे धरू. चार लिटरच्या इंजिनात एकदा भरले तर आत सव्वा ग्रॅमही क्षार जात नाही. पण लहान गळती असलेल्या गाडीत रोज एक लिटर पाणी घालीत राहिलो, तर वर्षाला ३६५ लिटर पाण्याबरोबर सुमारे ११० ग्रॅम क्षार आत जातात. सगळे चिकटून बसत नाहीत, तरी धोका कोठे आहे ते यावरून कळते. तो पहिल्या भरण्यात फारसा नसून रोजच्या भरीत आहे. दहा-वीस रुपयांची क्लिप आज न बदलता ‘थोडे पाणी घातले की चालते’ म्हणत राहिल्याची किंमत पुढे रेडिएटर देतो.

म्हणून शुद्ध केलेले पाणी आणि निर्मात्याने सांगितलेले कूलंट यांचेच मिश्रण वापरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढविणे ही त्याची दोन कामे माळव्यातही तितकीच आवश्यक आहेत. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात वा गटारात सोडू नये. मुले व जनावरे यांच्या आवाक्यात ठेवू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकावा काय?

आपल्या भागात हा उपाय फार रूढ आहे आणि तो सुचविणारे मिस्त्री अनुभवी असतात. जुन्या गाड्यांत, वाटेत अडकल्यावर घरी पोचण्यापुरता त्याचा उपयोगही होई. परंतु तो कायमचा ठेवल्यास इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, इंधन अधिक लागते, तेलात दमटपणा राहतो आणि झीज वाढते. आजच्या कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट एक बाजू उघडताना दुसरी, इंजिनातल्या इंजिनात पाणी फिरविणारी वाट बंद करीत असतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते, काही पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरते आणि भाराखाली गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू शकते. मुख्य म्हणजे, बुजलेल्या रेडिएटरचा दोष या उपायाने काही महिने झाकला जातो, नाहीसा होत नाही.

वाटेत तापली तर

काटा चढू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण लावावा, खिडक्या उघडाव्यात. हीटर म्हणजे एक लहान रेडिएटरच होय. त्याच्यावाटे थोडी उष्णता बाहेर जाते. काटा तांबड्या भागात गेला, वाफ आली किंवा हीटर थंड वाहू लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये आणि रिकाम्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी भरू नये. एकाएकी आकुंचन पावून हेडला तडा जातो. आणखी पाच किलोमीटर रेटावे असा मोह होतो, पण ॲल्युमिनियमचे हेड तापून एका केसाच्या जाडीएवढे वाकले तरी गॅस्केट धरत नाही. कित्येकदा शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणाने वा क्लिपेने भागणारे काम या पाच किलोमीटरांत हजारोंचे होते.

घरचे काम कोठे संपते

हेड उघडणे, पंप बदलणे, नव्या गाडीतील संगणकाचे संदेश वाचून तारा तपासणे ही कामे जाणत्या मिस्त्रीचीच आहेत. परंतु त्याच्याकडे जाताना ‘गाडी तापते, बघा’ एवढेच सांगितले तर त्यालाही अंदाजाने भाग बदलीत जावे लागते. त्याचा वेळ जातो, आपला पैसा जातो आणि दोघांचाही एकमेकांवरील विश्वास उणा होतो. त्याऐवजी एका कागदावर पाच ओळी लिहून न्याव्यात : गाडी उभ्याने तापते की धावताना, सुरू केल्यापासून किती वेळाने, किती दिवसांत किती पाणी घालावे लागले, सकाळी थंड असताना नळी, तेल आणि पुठ्ठा यांवर काय दिसले, आणि अलीकडे कोणते काम झाले होते. पीथमपूरच्या चाचणीमार्गावरील अभियंत्याजवळ उपकरणे अधिक असतील, पण कोणत्या परिस्थितीत काय घडले याची नोंद त्यालाही हवीच असते.

ही नोंद करण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने आखीत होतो आणि पहिला भरल्याखेरीज दुसरा भरावयाचा नसे. तापलेल्या गाडीसमोर उभे राहताना एवढा क्रम सांभाळला, तर बरेचसे इंजिनांचे ताप घरीच ओळखता येतील आणि उरलेले योग्य हाती वेळेवर पोचतील. या उन्हाळ्यात घाटाला लागण्यापूर्वी एका सकाळी, थंड इंजिनाचे बॉनेट उघडून ही दहा मिनिटांची पाहणी आपण करावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.